जंगलातले गवत वाळले की चितळ हरभऱ्यात. हिवाळ्याच्या चाऱ्याचा हिशेब कोण करणार?

ऊर्जानगर (जि. चंद्रपूर) : धान कापून झाले. कुठे चुरणे सुरू आहे, कुठे हार्वेस्टरने एका दिवसात वावर मोकळे करून टाकले. ज्यांच्या बांधीत ओल टिकली त्यांची लाखोळी बोटभर वर आली आहे. हरभऱ्याला चार-सहा पाने फुटली आहेत. आणि नेमका याच वेळी जंगलालगतच्या गावांत जागलीचा हंगाम सुरू होतो. दिवसभर धान बांधायचे, रात्री टॉर्च, डबा आणि घोंगडी घेऊन माळ्यावर जाऊन बसायचे. सकाळी उठून पाहावे तर एका कोपऱ्यात हरभऱ्याचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सपाट झालेले. खुरांचे ठसे बारीक असले तर चितळ, मोठे असले तर सांबर किंवा रोही, आणि जमीन उकरलेली असली तर विचारायलाच नको, डुक्कर.

ऊर्जानगरहून दुर्गापूर, पद्मापूर मार्गे मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर असो, की मूल, सिंदेवाही, नागभीडच्या धानपट्ट्यात, प्रश्न एकच विचारला जातो. वनविभाग जंगलात कुरणे तयार करतो, त्यावर पैसा खर्च होतो, जिप्सीतून आलेल्या पर्यटकांना त्याच कुरणांवर चितळांचे कळप दिसतात. मग हे कळप आमच्या वावरात कशाला येतात?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कुरण आहे की नाही यात नाही. ते कुरण कोणत्या महिन्यात हिरवे असते, यात आहे.

तिकडे हरणांसाठी पेरतात

अमेरिकेत ही गोष्ट उघडपणे केली जाते. तिथे जंगलाच्या कडेला किंवा आत एक-दोन एकराचे तुकडे हरणांसाठी म्हणून राखतात आणि पावसाळी नव्हे तर थंडीच्या तोंडावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरतात. एकच बी नाही, मिश्रण. ओट आणि राय ही धान्यगवते लवकर उगवतात आणि थंडीत हिरवी राहतात, क्लोव्हर हे घासासारखे द्विदल जमिनीत नत्र धरते, मुळा आणि सलगम पाला देतात आणि त्यांची मुळे जमीन पोकळ करतात. सगळे एकत्र पेरले म्हणजे एक पीक संपेपर्यंत दुसरे तयार होते. बहुतेक जण हे करतात ते शिकारीसाठी, कारण तिथे परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपवला आहे. चारा पेरून हरीण मारायचे नाही, तर चारा असला म्हणजे ते वावरात येणार नाही, एवढीच आपली गरज.

पण त्या पद्धतीतली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. तिथे चाऱ्याचा विचार हिवाळ्यापासून सुरू होतो. पावसाळ्यात जंगल हिरवे असतेच, तेव्हा कोणाला पेरायची गरज नाही. खोट पडते ती नंतर. आपल्या धानपट्ट्यातल्या जुन्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. उभ्या धानात, कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, ओलीवर लाखोळी फेकायची, सोबत कुठे जवस, कुठे पोपट, कुठे उडीद. नांगर नाही, पाणी नाही. जमीन उघडी पडत नाही, ढोरांना पाला होतो, घरात डाळ होते. मिश्र पेरणीने जमीन झाकण्याची ही पद्धत इथे आधीपासूनच आहे. फरक एवढाच की ही पेरणी माणूस स्वतःसाठी करतो आणि खातो चितळ.

ताडोब्यातली कुरणे कुठून आली

ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 चे, अंधारी अभयारण्य 1986 चे. दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि आज त्याचे गाभा क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर, तर 2010 मध्ये जाहीर झालेले बफर सुमारे 1,100 चौरस किलोमीटर आहे. गाभ्यात गावे होती. बोटेझरी आणि कोळसा गावाचा काही भाग 2007 मध्ये बाहेर आला, मूलकडे भगवानपूर म्हणून नवी वस्ती झाली. पुढच्या काही वर्षांत नवेगाव (रामदेगी) आणि जामणीही उठले. त्या गावांची वावरे, गावठाण, ढोरांच्या चराईची जागा मोकळी झाली. आज जी कुरणे पर्यटकांना दाखवतात, त्यातली मोठी कुरणे म्हणजे कोणाची तरी सोडलेली धानाची बांधी आहे. नवेगावच्या कुरणात वाघ बघून माणसे खूश होऊन परततात, तेव्हा पायाखाली धुरे अजून दिसतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सोडलेले वावर आपोआप कुरण होत नाही. ज्याने दोन वर्षे जमीन पडीत ठेवली त्याला माहीत आहे. पहिल्या पावसात तरोटा येतो. कोवळा असताना त्याची भाजी माणसे खातात, पण हरीण त्याला फारसे तोंड लावत नाही. मग रानतुळस, गाजर गवत आणि कडेने रायमुनिया. रायमुनियाची फळे पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात, त्यामुळे एक झुडूप ठेवले तर पाच वर्षांत रान भरते. हे सगळे फुलोऱ्यावर येण्याआधी मुळासकट काढावे लागते. नुसते कापले तर दुप्पट फुटते.

त्यानंतर गवत. आपल्या मातीतली चांगली गवते म्हणजे पवन्या, मारवेल, शेडा. त्यांचे बी पिकते पावसाळा संपल्यावर, तेव्हाच हाताने ओरबाडून गोळा करायचे, वाळवायचे, ठेवायचे आणि जूनच्या पहिल्या पावसावर टाकायचे किंवा ठोंब लावायचे. पहिली एक-दोन वर्षे तुकडा कुंपणात ठेवावा लागतो, नाही तर मूळ धरण्याआधीच चरून संपतो. म्हणजे ज्या दिवसांत गावात धान कापणे सुरू असते, त्याच दिवसांत गवताचे बी गोळा करण्याचे काम असते. हे काम बफरमधल्या मजुरांनी केले आहे, विशेषतः बायांनी. गवताची ओळख सगळ्यात जास्त त्यांनाच आहे.

इथपर्यंत सगळे बरोबर. कुरणे झाली, चितळ वाढले, रानगवे दिसू लागले, वाघांची संख्या वाढली. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले, त्यातला मोठा हिस्सा चंद्रपूरचा. प्रकल्पाच्या दृष्टीने हे यशच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

खोट हिवाळ्यात आहे

पण पवन्या काय, मारवेल काय, ही पावसाळी गवते आहेत. दिवाळीनंतर बी धरले की ती पिवळी पडतात. चितळाला पोट भरायला ती मिळतात, पण ताकद मिळत नाही. पिकून वाळलेल्या गवतात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के राहतात. हरभऱ्याच्या किंवा लाखोळीच्या कोवळ्या शेंड्यात वाळल्या वजनावर त्याच्या पाचपट असतात. चितळाला शाळा शिकायची गरज नाही. ज्याच्या जिभेला चव कळते ते जनावर दोन किलोमीटर चालून येते. त्यातून लाखोळी, हरभरा ही पिके ज्या दिवसांत सगळ्यात कोवळी असतात, त्याच दिवसांत गवत सगळ्यात कडक झालेले असते. दोन महिन्यांचा हा फरकच सगळा त्रास देतो. पुढे पळसाला फुले येतात, मोह गळतो, बोरे, आवळा, बेहडा मिळतो, तेव्हा चितळ पुन्हा जंगलात रमतो. कार्तिक ते पौष मात्र वाईट.

आकड्यात बघू. अभ्यासकांचा एक ढोबळ हिशेब सगळीकडे मानला जातो. एक वाघ वर्षाला साधारण 50 मोठी जनावरे मारतो, आणि कळप न संपता ही 50 मिळायची तर त्याच्या हद्दीत 500 जनावरे जगली पाहिजेत. या 500 जनावरांना चितळाच्या मापाने मोजू. एका चितळाला दिवसाला सव्वा किलो वाळला चारा धरला तर 500 ला 625 किलो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या 120 दिवसांत 75 टन, म्हणजे 750 क्विंटल. चांगल्या कुरणात एकरी दीड टन वाळले गवत निघाले आणि त्यातले अर्धे तुडवण्यात, वाळवीत, आगीत गेले तर हाती पाऊण टन. म्हणजे एका वाघामागे, नुसत्या चार महिन्यांसाठी, 100 एकर चांगले गवत. चितळ पालाही खातो, गळलेली पाने-फळे खातो, म्हणून प्रत्यक्षात एवढे लागणार नाही. पण पाच-दहा एकराचे कुरण करून फलक लावला की काम झाले, असे समजणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडावा. ताडोबा प्रकल्पात नव्वदच्या वर वाघ आहेत.

मग जंगलात हरभरा पेरायचा का? असे विचारणारे गावात आहेत, आणि ते चेष्टेने विचारत नाहीत. एखाद्या सोडलेल्या गावाच्या जागी ओलीवर लाखोळी फेकून दिली तर काय बिघडेल?

बिघडेल. एक तर गाभ्यात बाहेरचे बियाणे नेले की सोबत तणाचे बी जाते. दुसरे म्हणजे पाडसांना जन्मापासून हरभऱ्याची चव लागली की ती आतल्या आणि बाहेरच्या हरभऱ्यात भेद करणार नाहीत. आतला तुकडा संपला की बाहेरचा. अमेरिकेतल्या पेरणीची नक्कल इथे चालणार नाही ती याच कारणाने. तिथे जनावराला बोलावायचे असते, इथे थांबवायचे आहे.

त्यापेक्षा जंगलात जे आहे त्यालाच हिवाळ्यात हिरवे ठेवणे शक्य आहे. कुरणातले काही पट्टे पावसाळा संपता संपता, जमिनीत ओल असतानाच कापले तर त्यांना नवी फूट येते. सगळे कुरण एकदम नाही, पट्टा सोडून पट्टा, पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने. ज्याने घरच्या धुऱ्यावरचे गवत कापून ढोरांना घातले आहे त्याला हे माहीत आहे, कापलेल्या ठिकाणी पुन्हा लव फुटते आणि ढोर तिथेच तोंड घालते. दुसरे, तळ्याच्या आणि नाल्याच्या काठची ओल. इरई धरणाचे पाणी जसजसे खाली उतरते, तसतशी काठावर हिरवळ फुटते आणि जनावरे तिथे उतरतात. हे निसर्गाचे स्वतःचे हिवाळी कुरण आहे. गाभ्यातल्या तळ्यांच्या काठी, वावरापासून लांब, अशी जागा राखली, तिथले तण काढले तर खर्च कमी आणि उपयोग जास्त. तिसरे, गवताच्या मिश्रणात रानमूग, रानउडीद, रानतूर यांच्यासारखी इथलीच रानटी द्विदल मिसळली पाहिजेत. नुसते गवतच गवत लावले तर दिसायला छान दिसते, पण खाणाऱ्याला एकच चव मिळते.

ही कामे होतच नाहीत असे नाही. पण कामाचा हिशेब हेक्टरमध्ये दिला जातो. किती हेक्टर रायमुनिया काढली, किती हेक्टर बी टाकले. डिसेंबरच्या शेवटी त्या कुरणात किती हिरवे उभे होते, हा रकाना गावाला कधी दाखवला जात नाही. जागलीला बसणाऱ्या माणसाला तोच रकाना पाहिजे.

रोही आणि डुक्कर कुरणाने थांबणार नाहीत

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ग्रामसभेत सगळ्या जनावरांना एकाच दोरीने बांधले जाते. कुरण सुधारले तर फायदा चितळ, सांबर आणि रानगव्याच्या बाबतीत होईल. रोह्याच्या बाबतीत नाही. रोही मुळात दाट जंगलातले जनावर नाही. त्याला उघडे माळ, झुडपे, पडीत जमीन लागते, म्हणजे गावाच्या आजूबाजूचीच जागा. तो जंगलातून वावरात येत नाही, तो वावरातच राहतो. गाभ्यात कितीही पवन्या लावा, रोह्याला पत्ता नाही.

डुक्कर तर त्याहून पुढे. त्याला लपायला नाल्याकाठची झुडपे आणि खायला कंद, गांडुळे, धान, मका, भुईमूग. त्याचे बिऱ्हाड वावराच्या कडेला असते. रोही आणि रानडुक्कर यांच्या बाबतीत शासनाने सशर्त मारण्याच्या परवानगीची तरतूद केली आहे, पण बंदूक कोणाकडे आहे, वाघाच्या टापूत ती चालवणार कोण, आणि चुकून दुसरे जनावर मेले तर पुढे काय, या प्रश्नांमुळे ती बहुतेक गावांत कागदावरच राहते. मग काही जण तारेत करंट सोडतात. त्यात वाघ मेले आहेत, ढोरे मेली आहेत आणि माणसेही मेली आहेत, कित्येकदा ज्याने तार लावली त्याच्याच घरातली. पिकाच्या नुकसानीपोटी घरातला माणूस आणि वर गुन्हा, हा सौदा कोणालाच परवडणारा नाही.

गडचिरोलीत याच्यात हत्तीची भर पडली. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून आलेला कळप त्या जिल्ह्यात रेंगाळला आणि धानाच्या पुंजण्यांपर्यंत पोहोचला. हत्तीचे पोट कुरणाच्या हिशेबात बसतच नाही, तो विषय वेगळा.

ऊर्जानगरने काय दाखवले

चारा चुकीच्या जागी उगवला तर काय होते, याचे उदाहरण दूर शोधायची गरज नाही. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र 2,920 मेगावॉटचे. त्याची वसाहत म्हणजे ऊर्जानगर, शेजारी दुर्गापूरची कोळसा खाण, आणि मागे लोहारा-जुनोन्याचे जंगल. केंद्राच्या आणि खाणीच्या ताब्यातली मोठी जमीन वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. तिच्यावर वेडी बाभूळ आणि झुडपे माजली. मोकाट ढोरे तिथे चरू लागली, वस्तीच्या उकिरड्यावर डुकरे आणि कुत्री पोसली गेली. कोणी पेरले नाही, पण जनावरांसाठी पेरलेलेच वावर ते झाले. फेब्रुवारी 2022 मध्ये याच परिसरात वाघाच्या हल्ल्यात वीज केंद्रातला एक कामगार गेला आणि लगेच बिबट्याच्या हल्ल्यात दुर्गापुरात एक मुलगा गेला. पाळीवरून परतणाऱ्या माणसाला स्वतःच्या क्वार्टरपर्यंत जायला भीती वाटावी, अशी वेळ वसाहतीवर आली.

तेव्हा झुडपे काढा अशी मागणी झाली आणि ती बरोबरच होती. पण नुसती झुडपे कापली तर पहिल्या पावसात तिथे कोवळे गवत येते, गवतावर चितळ आणि ढोरे येतात, आणि त्यांच्या मागे पुन्हा तेच. कापल्यानंतर त्या जमिनीचे काय करायचे हे आधी ठरवावे लागते. वस्तीलगतच्या जमिनीत जनावराला खायला नको असते आणि लपायलाही नको असते. उकिरडा आणि मोकाट ढोरे हा त्या प्रश्नाचा अर्धा भाग आहे, आणि तो वनविभागाचा नाही, वस्तीचाच आहे.

म्हणूनच बफरमधल्या गावाजवळ कुरण तयार करण्याचा प्रस्ताव आला की गावाने आधी जागा विचारावी. ढोरांसाठी असेल तर ठीक, पण मग ते वस्तीच्या नजरेत, उघड्यावर हवे. वन्यप्राण्यांसाठी असेल तर ते वावरांपासून आणि शाळेच्या वाटेपासून लांब, आत, पाण्याजवळ हवे. गावाच्या अर्ध्या किलोमीटरवर चितळांसाठी हिरवे कुरण करणे म्हणजे वाघाला गावाचा रस्ता दाखवणे आहे. वाघ माणसाच्या मागे येत नाही, तो चितळाच्या आणि ढोराच्या मागे येतो. माणूस मधे सापडतो. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी गेल्या. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातली माणसे जंगलात जायला धजत नव्हती, आणि तरी जात होती, कारण तेंदूचा पैसा वर्षातून एकदाच येतो.

गुराख्यांचेही तसेच. पूर्वी धान बांधून, चुरून तनस घरी यायची आणि ढोरे उन्हाळाभर ती खायची. आता हार्वेस्टर धान कापतो, तनस बारीक होऊन वावरात पडते, कोणी ती गोळा करतो, कोणी पेटवून देतो. मग ढोरांना हिवाळ्यातच जंगलात हाकावे लागते. तिथे ती चितळाच्याच वाट्याचे गवत खातात, आणि गुराखी वाघाच्या तोंडासमोर उभा राहतो. ज्यांना आसोलामेंढा किंवा घोडाझरीचे पाणी मिळते त्यांनी चार-पाच गुंठे बरसीम किंवा ओट घरच्या ढोरांसाठी टाकला तरी एक-दोन जनावरांची सोय होते. चितळासाठी पेरायचा जो विचार आहे, तो आधी आपल्या गोठ्यासाठी केला तर जंगलावरचा भार तेवढा उतरतो. पण हा घास घराजवळ आणि कुंपणात पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

वावरात काय पेरावे

जंगलाच्या कडेच्या वावरात सगळीकडे हरभरा टाकणे म्हणजे ताट वाढून ठेवणे. जवस हे चितळाला फारसे आवडत नाही, डुक्करही त्यात रमत नाही, आणि ते ठेंगणे असल्याने त्यात बिबट किंवा वाघ लपून बसत नाही. म्हणून जंगलाच्या बाजूला जवस, तिच्या आत हरभरा-लाखोळी, असा पट्टा ठेवणारे शेतकरी या भागात आहेत. करडईचे जुने तंत्रही आहे. तिचे काटे जून झाल्यावर जनावर आत शिरायला कचरते. मात्र करडई कोवळी असताना तिची भाजी माणूसच खातो, तर चितळ का सोडेल? म्हणून ती मुख्य पिकाच्या आधी पेरून पुढे गेली असली तरच कामाची. तूर आणि कपाशी जंगलाच्या अगदी धुऱ्याशी नको. फेब्रुवारीपर्यंत उभ्या राहणाऱ्या तुरीत वाघीण पिले घेऊन बसल्याचे प्रकार जिल्ह्याला नवे नाहीत.

यातून हरभरा शंभर टक्के वाचेल असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. भूक जास्त असली तर जनावर जवसातून चालत हरभऱ्यात जाते. पण नुकसान कडेवर थांबले तरी पुष्कळ. बियाण्याचा सल्ला सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात मिळतो. सौर कुंपण जनवन विकास योजनेतून अनुदानावर मिळते. त्याचा झटका जनावराला हुसकावतो, मारत नाही. पण तारेखालचे गवत कापले नाही तर करंट जमिनीत उतरतो आणि कुंपण नावालाच राहते. बऱ्याच गावांत कुंपण नापास झाले ते या एका आळसाने.

भरपाई आणि विमा

नुकसान झालेच तर तक्रार तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे गेली पाहिजे. पुष्कळ शेतकरी इथेच चुकतात. एका रात्री चार तास खाल्ले, जाऊ दे म्हणतो. आठ दिवसांत अर्धे वावर जाते आणि मग पंचनाम्याला माणूस येतो तोवर पिकाला नवी फूट आलेली असते. हरभरा खाल्ल्यावर पुन्हा फुटतो, त्यामुळे पाहणाऱ्याला नुकसान कमी दिसते. फोटो पहिल्या सकाळीच काढून ठेवावा, ठशांसकट.

नवीन गोष्ट म्हणजे पीक विमा. वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत 2026 च्या खरिपापासून घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केले. नुकसानीची माहिती 72 तासांत, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह, विम्याच्या अ‍ॅपवर टाकायची आहे. पण त्यात एक मेख आहे. हे संरक्षण आपोआप सगळ्यांना नाही. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे किंवा विमा घटक, हे राज्य सरकारने अधिसूचित करायचे आहे. चंद्रपूर, गडचिरोली त्या यादीत नसले तर नवल वाटेल, पण प्राण्यांच्या यादीत चितळ, सांबर, रोही, डुक्कर, हत्ती ही पाचही नावे आहेत का, हे तपासावे लागेल. आणि खरिपाची सुरुवात म्हणजे धान, कापूस, सोयाबीन. ज्या हरभऱ्यासाठी आज रात्री माणूस माळ्यावर बसला आहे, तो रब्बीत येतो.

गाभ्यातल्या कुरणांवर आज जिप्सी फिरतात आणि प्रवेशाचे पैसे व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानकडे जमा होतात. त्यातून गावांसाठी कामे होतात, हेही खरे. बफरमधल्या ग्रामसभांनी या वर्षी आराखड्यासाठी जी मागणी लिहून द्यायची, त्यात सभामंडप आणि सिमेंट रस्त्यासोबत दोन ओळी जास्त लिहाव्यात. आपल्या गावाला लागून असलेल्या वनकक्षात डिसेंबर आणि जानेवारीत जनावरांना हिरवे किती उभे असते, ते मोजून गावाला दाखवावे. आणि गवताचे बी गोळा करण्याचे काम गावातल्याच बायांना, बी गळायच्या आत द्यावे. पवन्याचे बी या आठवड्यात अजून काडीवर आहे. वारा सुटला की पंधरा दिवसांत ते जमिनीवर पडेल.